दाराच्या आत ताई

पाळणाघरात ढब्बू चिमुरड्या मुंगीच्या दंडाला कचकन चावला तेव्हा ताईंचं लक्ष होतं. अगदी डोळ्यांदेखत घडलं. लाकडी आगगाडीचं इंजिन मुंगीच्या हातात होतं, ते ढब्बूसाहेबांना हवं होतं, मिळेना, म्हणून साहेबांनी दात वापरले. मुंगीनं कळवळून त्याला ढकललं. तो उशांच्या ढिगावर मऊ पडला, पण भोकाड असं पसरलं की जसा काही त्याचाच लचका तुटला होता.

आणि नेमकी त्याच घटकेला ढब्बूची आई दारात! एरवी ही बाई पाळणाघर बंद व्हायच्या वेळेला धापा टाकत यायची. आज लवकर कुठून उगवली कोण जाणे.

"हे काय चाललंय? ही मुलगी नेहमीच मारते का पोरांना?"

मालकीणबाई आत टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी नुसतं ताईंकडे पाहिलं. तेवढं पुरेसं होतं. मुंगी ताईंची स्वतःची लेक, पण पालकांना हे ठाऊक नव्हतं. तिला इथे आणायची परवानगी देतानाच मालकीणबाईंनी बजावलं होतं, "इथे सगळी पोरं सारखी. आपलं-परकं दिसलं की पालक दुसरं पाळणाघर बघतात. मग मला दुसरी ताई बघावी लागेल."

म्हणून तर मायलेकींनी घरी बसून नियम केला होता. दाराच्या आत ताई, दाराबाहेर आई. आत 'अहो ताई', बाहेर 'ए आई'. पोरीला तर हा खेळच झाला. संध्याकाळी सगळी मुलं गेली की ताई एप्रन खुंटीला अडकवायच्या, बाहेर जाऊन दार ओढून घ्यायच्या आणि बेल वाजवायच्या. आतून मुंगी ऐटीत विचारायची, "कोण आहे?" बाहेरून उत्तर जायचं, "मुंगीची आई!" की धाडकन दार उघडून पोरगी अंगावर झेपावायची. इतर मुलांना न्यायला आई येते, मग तिलाही यायला नको का?

"ताई, तो आधी चावला," मुंगी दंड धरून म्हणाली. रडत नव्हती. आता ताई बघतील, असा चेहरा होता.

ताई जवळ गेल्या. पाहिलं. गोऱ्या दंडावर दातांची लालभडक रांग उठली होती. ढब्बूच्या आईला ती एकदा दाखवली असती की विषय मिटला असता. पण उद्या नातं कळलं की तीच बाई म्हणाली असती, स्वतःची पोर म्हणून बाजू घेतली. गेल्या महिन्यात एका मुलाला त्याच्या पालकांनी अशाच भेदभावाच्या संशयावरून काढून नेलं होतं. आणि मुंगीच्या बाजूनं भांडायला कुणी पालक येणार नव्हते, हा हिशेब ताईंच्या डोक्यात झटकन झाला. इतक्या झटकन, की नंतर त्यांना त्याचीच जास्त लाज वाटली.

फ्रॉक नीट करायच्या निमित्तानं त्यांनी मुंगीची बाही खाली ओढली. दातांच्या खुणा झाकल्या गेल्या.

"खोटं बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी पाहिलंय. कान धर आणि सॉरी म्हण."

मुंगीनं त्यांच्याकडे पाहिलं. ताईंना वाटलं, आता ही 'आई गं' म्हणून गळ्यात पडणार आणि सगळं उघडं पडणार. पण पोरगी नियमाची पक्की. तिनं कान धरले, ढब्बूला सॉरी म्हणाली, आणि कुणी न सांगता भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. ढब्बूची आई म्हणाली, "वळण चांगलं लावलंय हं तुम्ही." मालकीणबाईंनी मान डोलावली. ताई हसल्या. काय करणार, हसल्या.

मग नेहमीसारखी पांगापांग झाली. कुणाची चप्पल सापडेना, कुणाला इंजिन घरी न्यायचं होतं, एकाला झोपेतच खांद्यावर टाकून आजोबा घेऊन गेले. मालकीणबाईही किल्ल्या ताईंकडे देऊन निघाल्या. ताईंनी चटया गुंडाळल्या, खेळणी टोपलीत भरली. बाकाकडे बघायचं तेवढं टाळत होत्या.

शेवटी उरलं कोण? त्या आणि मुंगी. मुंगी पाठीला दप्तर लावून, बूट उलटे घालून बसली होती.

ताई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. बूट काढून सरळ घातले. बाही वर करून बघायला हात पुढे केला, तशी मुंगीनं दंड मागे घेतला.

"ताई."

"अगं, आता कुणी नाही इथं. आई म्हण की."

"आपण आत आहोत ना," मुंगी म्हणाली. "तुम्ही बाहेर जा आता. आईला पाठवा. मला तिला एक गोष्ट सांगायचीय."

"मला सांग ना, बाळा."

मुंगीनं जोरात मान हलवली. "तुम्हाला सांगितलेली. तुम्ही खोटं म्हणालात." मग जरा समजुतीच्या सुरात, "आईला खरं कळतं. तुम्ही तिला पाठवा फक्त."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या उठल्या. एप्रनची गाठ सुटता सुटेना. कशीबशी सोडली, एप्रन खुंटीला अडकवला. बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं.  मग बेल वाजवली.

आत बुटांची धावपळ ऐकू आली. दाराच्या अगदी पलीकडे येऊन ती थांबली.

"कोण आहे?" मुंगीनं रोजच्याच ऐटीत विचारलं.

'मुंगीची आई' म्हणायला ताईंनी तोंड उघडलं, पण नुसतं कपाळ दाराला टेकवलं.

"कोण आहे?"