घळीतल्या हाका

"भिंगरीऽऽ!" आईनं पुन्हा हाक मारली. हाक घळीच्या भिंतींवर आपटत पुढे गेली आणि विरली. सगळे जागच्या जागी थांबले, कान देऊन उभे राहिले. काहीच आलं नाही. शोधपथकाच्या प्रमुखानं हातानं खूण केली आणि माणसं पुन्हा चालू लागली.

शोधाचा तिसरा दिवस होता. भिंगरी ही आईवडिलांची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव पडलं आणि मोठी झाली तरी सुटलं नाही. ती या कोरड्या घळीत उतरली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. पाऊस पडला तो लांबच्या डोंगरांवर. वाळवंटातल्या ओढ्यांना पाणी येतं ते असंच, न सांगता, भिंतीसारखं. तिची गाडी वर कड्यापाशी उभी होती. मागच्या सीटवर जेवणाचा डबा न उघडलेला होता.

वडिलांनी आयुष्यभर हेच ओढे पाहिले होते. कुठल्या पात्रात कुठलं झाड उगवतं आणि का, हा त्यांचा विषय. लेकीनं तोच उचलला होता. खडकाची घळ काही धरून ठेवत नाही, पाणी येईल ते सगळं धुऊन नेतं, म्हणून इथे फटीतलं गवत सोडलं तर काही जगत नाही. खाली ओढा माती कापत जातो, तिथं झुडपं पाण्याच्या हाताला लागू नयेत अशी काठावर उंच उभी असतात. आणि त्याहून खाली, जिथं दरी उघडते, तिथं ओढ्याला दहा फाटे फुटतात. पाणी पसरतं, दमतं. वरून आणलेलं सगळं वाळूत ठेवून देतं. गाळ, बिया, सगळं. मोठ्या बाभळी फक्त तिथंच.

पुराची ओली रेघ भिंतीवर दोन पुरुष उंच होती. वडिलांनी ती पहिल्याच दिवशी पाहिली आणि मान खाली घातली. भिंगरीला कुठं शोधायचं ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं.

पण रोज सकाळी पथकप्रमुख विचारायचा, "सर, ओढा तुमच्या ओळखीचा. वर बघू या की खाली?" आई तिथंच बुटांचे बंद बांधत बसलेली असायची. वडील काही बोलायच्या आधीच ती म्हणायची, "वरच बघा. कुठल्या तरी कपारीत चढून बसली असेल. घरी नाही का, रागावली की माळ्यावर जाऊन बसायची?"

वडील तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. "हो, वरच," म्हणायचे. खाली म्हणजे काय, हे तिला सांगायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. आज एक दिवस तरी तिच्याजवळ आशा राहू दे, उद्या सांगू, असं म्हणत त्यांनी दिवस काढले. तिच्या हाकेमागोमाग आपणही हाका मारल्या. घसा बसला तरी मारल्या.

दुपारी आईनं थांबून वर पाहिलं. उंचावर एक कपार होती, अंधारी. ती नुसतीच बघत उभी राहिली. वडिलांना तेवढं पुरलं. कुणी अडवायच्या आत ते भिंतीला बिलगून चढू लागले. या वयात, त्या गुडघ्यांनी. अर्ध्यावर पाय निसटला. ते घसरत खाली आले आणि खडकावर आदळले. दोन्ही तळहात सोलले गेले. उठायची धडपड करत ते म्हणाले, "काही नाही झालं. दुसऱ्या बाजूनं चढतो. थांब तू."

आई त्यांच्यापाशी बसली. तिनं त्यांचे हात ओढणीनं पुसले, बाटलीतलं पाणी पाजलं. मग ती पथकप्रमुखाकडे वळली.

"दादा, आता पुरे. सगळ्यांना खाली न्या. वाळूत, जिथं झाडं दाट आहेत तिथं बघा."

तिचा आवाज अगदी साधा होता. सुटली हिची आशा, वडिलांना वाटलं. आपण पडलो नसतो तर निदान संध्याकाळपर्यंत टिकली असती.

ऊन कलायच्या आधीच भिंगरी सापडली. एका जुन्या बाभळीच्या बुंध्याशी पाण्यानं तिला ठेवलं होतं. अंगावर वाळू होती, बारीक, चाळून टाकल्यासारखी. आईनं तिच्या चेहऱ्यावरची वाळू ओढणीनं पुसली. वडिलांनी तिचे पाय धरून ठेवले. कुणी त्यांना घाई केली नाही.

नंतर माणसं स्ट्रेचर आणायला गेली. दोघं तिच्या दोन बाजूंना वाळूत बसून राहिले. वडिलांनी विचारलं,

"ती इथं असेल हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. ओढ्यांचं सगळं तुमच्याकडूनच तर ऐकत आले."

ते तिच्याकडे बघतच राहिले. "मग हाका कशाला मारत होतीस?"

आईनं लेकीचे केस कपाळावरून मागे सारले.

"तुमच्याकडे बघवत नव्हतं हो," ती म्हणाली. "म्हटलं, यांना आशा आहे तोवर मारत राहू."