पाय काढ

मशीनला हात लावण्याआधी तिची किल्ली आपल्या खिशात, हा आमच्या कंपनीचा नियम. चाकणला बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढल्यावर ती सवय घरीही सुटत नाही. म्हणून रविवारी सकाळी निगडीच्या आमच्या पार्किंगमध्ये गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलायला बसलो, तेव्हा गाडी लॉक होती आणि किल्ली माझ्या खिशात.

जुने पॅड काढले. नवे जाड असतात, त्यांना जागा करायला ब्रेकचा पिस्टन क्लॅम्प लावून मागं सारावा लागतो. तो सरेना. गाडीत बसून कुणी ब्रेक दाबून धरला की असंच होतं.

"दीपा, पाय काढ गं," मी सवयीनं ओरडलो. अशा कामाला बायको नेहमी आत बसते.

क्लॅम्प अलगद फिरला, पिस्टन मागं सरला.

"अहो, मला हाक मारलीत का?" दीपानं वरून, गॅलरीतून विचारलं.

उठून काचेतून आत बघायचं धाडस होईना. मान खाली घालूनच पॅड बसवले, चाक चढवलं.

"झालं ना? मी येतेय खाली. चऱ्होलीला उशीर होईल."

एकच काम उरलं होतं. नवे पॅड बसवल्यावर कुणाला तरी आत बसून पेडल पाच वेळा दाबावं लागतं, नाहीतर ब्रेक लागत नाही.

किल्लीसाठी खिशात हात घातला, तेवढ्यात चाकातून कच्च असा आवाज आला. मग पुन्हा. पाच वेळा, सावकाश, दर वेळी पाय पूर्ण उचलून. मी दीपाला शिकवलं होतं, अगदी तसं.