बाकी सगळं छान

“बाकी सगळं छान आहे,” आत्या म्हणाली, आणि तिघांचे चेहरे पडले. या वाक्याला शेपूट असतं, हे आता त्यांना पाठ झालं होतं. निदान आज तरी ते यायला नको होतं. आज सर स्वतः आले होते.

सर खिडकीपाशी हात मागे बांधून उभे होते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाने एका खऱ्या माणसासाठी एक खरी वस्तू बनवायची, आणि त्या माणसाने सरांच्या देखत, आपल्या तोंडाने ‘माझी काही तक्रार नाही’ असं म्हणायचं, हा त्यांचा दंडक. त्याशिवाय प्रकल्प पास नाही. स्पर्धेत बक्षीस मिळवून आलेलं यंत्रसुद्धा त्यांनी या एका वाक्यासाठी परत पाठवलं होतं. आणि आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. तिघांपैकी लांब्याची नोकरी ठरली होती, पण पदवी हातात पडली तरच.

आत्याचं नाव सुचवलं होतं तिघांतल्याच तिच्या भाचीने. घरचं माणूस, म्हणजे सोपं जाईल, असं तिघांनाही वाटलं. आत्याचे गुडघे केव्हाच रुसले होते. एकदा बसली की उठायला तिला दोन्ही हात, टेबलाची कड आणि देव, सगळेच लागायचे. घरात हात द्यायला दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा ठरलं, बसलेल्या माणसाला हळूच उचलून उभं करणारी खुर्ची करायची. गाडीची डिकी उघडली की तिला आपसूक वर धरणारे दांडे असतात ना, तसले बैठकीखाली बसवायचे. सांगाडा लांब्याने जोडला, आकडेमोड अखंड बडबडणाऱ्या टकळीने केली, गादी भाचीने शिवली.

आणि तक्रारी आत्याने केल्या. दर शनिवारी एक.

“अगं, ही उचलते कुठली, ही तर उडवते! मला काय चंद्रावर पाठवताय?” ही पहिली. दांडे बदलले. पुढच्या शनिवारी हात ठेवायची जागा घसरडी निघाली. मग कळ कडक. मग बैठक पुढे कललेली. गंमत अशी, की तक्रार दर वेळी खरीच निघायची. त्यामुळे रागावता येत नसे आणि खुर्ची मात्र सुधारत जायची.

“आत्या, हे सगळं एकदमच का नाही हो सांगत तुम्ही?” टकळीने एकदा न राहवून विचारलं.

“एकदम कसं सुचेल बाई? वय झालं आता.”

मात्र कुणाच्या कॉफीत किती साखर, हे त्या वयाला बरोबर आठवायचं. एकदा तर पोरांनी दुरुस्ती बुधवारीच उरकून आणली. आत्या दारातच हिरमुसली. “एवढी घाई कशाला केलीत? शनिवारी आणली असती तरी चाललं असतं.”

आज तिने सरांसमोर कळ दाबली. खुर्चीने तिला झोपल्या मुलाला उचलावं तसं उचललं. सरांची मान किंचित हलली. मग आत्या ते छानचं वाक्य बोलली, आणि पुढे शेपूट आलंच.

“फक्त उठताना मागून कुरकुर ऐकू येते.”

भाचीने डोळे मिटले. टकळी वर्षात पहिल्यांदाच गप्प झाली. लांब्या दात-ओठ खात जमिनीवर आडवा झाला आणि बिजागरीला कान लावून म्हणाला, “पुन्हा उठा बघू.”

आत्या बसली, उठली. काही नाही. पुन्हा बसली, उठली. खुर्चीतून चकार शब्द नाही.

“मला तरी काही ऐकू आलं नाही,” सर म्हणाले.

“मला येतं,” आत्या खाली मान घालून म्हणाली.

लांब्या चिडून बोलणारच होता. पण जमिनीवरून त्याला उघड्या दारातून थेट स्वयंपाकघर दिसत होतं. भांडी निथळायच्या जाळीत एक ताटली, एक वाटी, एक चमचा. आणि ओट्यावर, ट्रेमध्ये, चांगले ठेवणीतले पाच कप, आधीच मांडून ठेवलेले. साखरेच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडून ठेवलं होतं.

तो सावकाश उठला. पँटची धूळ झटकायला त्याने जरा जास्तच वेळ लावला.

“आत्या म्हणतात ते खरं आहे, सर,” तो म्हणाला. “आहे कुरकुर. बिजागरीला तेल लागणार.”

“मग घाल आणि मोकळा हो.”

“एकदा घालून भागणारी नाही ही. दर शनिवारी घालावं लागेल. निकाल लागला तरी, नोकरी लागली तरी. मला शनिवारी सुट्टीच आहे.”

भाचीने डोळे उघडले. तिने आधी लांब्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे.

“एकट्याला जमायचं नाही ते,” टकळीला वाचा फुटली. “बाटली कुणीतरी धरायला हवी की नको?”

सरांनी तिघांकडे पाहिलं, ओट्यावरच्या पाचव्या कपाकडे पाहिलं, आणि चष्मा काढून उगाचच पुसला.

“शेवटी ज्याची खुर्ची त्याचे कान,” ते म्हणाले. “काय हो आत्या, दर शनिवारी तेल. चालेल?”

आत्या पुन्हा खुर्चीत बसली. तिने कळ दाबली. खुर्चीने तिला अलगद वर उचललं, जराही आवाज न करता.

“मग माझी काही तक्रार नाही,” आत्या म्हणाली, आणि कॉफी ठेवायला आत गेली.