खड्ड्याकाठची नोकरी

यंत्रयुगातही माणसाची जागा कोणी घेऊ शकत नाही, हे अखेर सोनखेडीत सिद्ध झालं. ती जागा खड्ड्याच्या कडेला होती. रस्ता खणणारी शहाणी यंत्रं कोणी बघत नसलं की थबकायची, म्हणून नगरपालिकेनं पगारी बघे नेमले आणि गावची बेकारी ओसरू लागली.

यंत्रांपायी घरी बसलेल्या निंबाला त्याच्या बायकोनं, लताबाईनं उठवलं. "आजवर फुकट बघत उभे राहिलात, आता पगार आणा!"

निंबानं कडेला जाऊन हात मागे बांधले. "जरा डावीकडं घे रे भाऊ!"

यंत्र घरघरलं. नगरपालिकेचे साहेब खूश. "रस्ता होईपर्यंत नोकरी पक्की!"

संध्याकाळी रस्ता झाला, तसा निंबाचा चेहरा उतरला.

सकाळी पाइप टाकायला तोच रस्ता पुन्हा खणायला घेतला.