ग्रहणातलं लिंबू

“गिराण पाळला नाय हिनी. भर गिराणात इळीवर लिंबू चिरला.”

डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आत सकुबाईनं सांगून टाकलं. आठ वर्षं ती हेच सांगत आली होती. भगताला सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं. पंच्याण्णवच्या दिवाळीतलं ग्रहण, पाच महिन्यांची पोटुशी सून, विळी, लिंबू आणि मग ही नात, रेश्मा. सांगून सांगून जीव शिणला होता, पण सांगायचं सुटत नव्हतं.

सून सरिता बाकाच्या टोकाला मान खाली घालून बसली होती. टोकावड्याहून पहिली गाडी धरून तिघी मुरबाडच्या या तपासणी शिबिरात आल्या होत्या, तरी रेश्माचा नंबर लागायला दुपार झाली. सरिताला आता पुन्हा चौथा महिना होता. रांगेत उभं राहून तिचे पाय भरून आले होते. रेश्मा जमिनीवर बसून बाटलीचं झाकण गरगर फिरवत होती. आठ वर्षांची पोर, पण अजून आईला हाक मारत नव्हती. नावानं बोलावलं तर मान वर करत नव्हती.

डॉक्टरीणबाईही दमल्या होत्या, पण चिडल्या नाहीत.

“आजी, लिंबू चिरल्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही. ग्रहणाचाही काही संबंध नाही.”

सकुबाईनं नाक मुरडलं. शिकलेल्या बाया असंच बोलायच्या.

“तापाचा मात्र असू शकतो,” बाई पुढे म्हणाल्या. “गरोदर बाईला मोठा ताप आला, की तिचं अंग त्या आजाराशी झगडायला लागतं. त्या झगड्याची झळ कधी कधी बाळाच्या वाढत्या मेंदूला लागते. सगळ्यांनाच लागते असं नाही. रेश्माचं तसंच झालं, हेही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण आता पुन्हा दिवस गेलेत, म्हणून विचारते. मागचं कळलं तर गरोदरपणाच्या कार्डावर लिहीन, या खेपेला जास्त लक्ष ठेवता येईल. रेश्माच्या वेळी ताप आला होता का, सरिता?”

सकुबाईला ती दिवाळी आठवली.

त्या भातकापणीत आधी ताप आला होता तो तिलाच. आठ दिवस ती फणफणत पडली होती आणि सून उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती, पेज भरवत होती. ग्रहणाच्या सकाळी सकुबाई उठून बसली आणि थोड्याच वेळात सरिता पडली. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. मुलगा कोंडू जीप बघायला निघाला, तर सकुबाईनंच त्याला दारात अडवलं. ग्रहण सुटल्याशिवाय पोटुशी बाई उंबऱ्याबाहेर पडायची नाही. ग्रहण सुटलं आणि सगळे राहिलेल्या भाताच्या मागे लागले. दवाखाना राहूनच गेला.

सरितानं मान वर केली. सासूकडे एकदा पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता थकवा होता.

“नाय,” ती म्हणाली. “ताप नाय आला. लिंबूच चिरला मी.”

डॉक्टरीणबाईंनी कार्ड पुढे ओढलं.

सकुबाईला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. आठ वर्षं जिला बोल लावला, तीच आज चारचौघांत तिची अब्रू राखत होती. आणि त्यापायी पोटातल्या दुसऱ्या बाळाच्या कार्डावर खोटं लिहिलं जाणार होतं.

“थांबा बाय, लिवू नका,” ती म्हणाली. “खोटा बोलते ती. ताप आलता. माझाच तिला लागला, नि दवाखान्यात मीच जाऊ दिली नाय.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहायला लागल्या. सरिता पदर तोंडाला लावून रडत होती. सकुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आता कुणीच काही विचारत नव्हतं, तरी ती बोलली.

“नि त्यो लिंबू माझ्यासाठी चिरला व्हता. तापातून उठलेली मी, तोंडाला चव नव्हती. लिंबू दे, असा मीच सांगितला तिला.”