शाईच्या छत्र्या

"कुत्र्याच्या छत्र्या खाऊ घालतेस काय, पोरी?" नाना उंबऱ्यातूनच म्हणाले.

सुनंदाची विळी थांबली नाही. गोठ्यामागे कुजत पडलेल्या बाभळीच्या बुंध्याशी काल सकाळी काहीच नव्हतं. आज राखाडी टोप्यांचा घोस वर आला होता. उन्हं चढली की कडा वितळून काळी शाई ठिबकते, म्हणून तिने तो कोवळाच तोडला.

"आई दरवर्षी करायची, काका."

आईचे नियम तिला पाठ होते. उघडलेली छत्री घ्यायची नाही. पहिला घास रांधणारीने खायचा. दारू पिणाऱ्याच्या ताटात ही भाजी वाढायची नाही, त्याला ती बाधते. आई गेल्यापासून छत्र्या उगवत आणि तशाच शाई होऊन जात.

सत्याऐंशीच्या पोळ्याला धरणगावहून परतताना ट्रॅक्टर नाल्यात उलटला. ट्रॉलीत बसलेली आई जागीच गेली. वाचले दोघे, नाना आणि सालदार गडी झुलाल. सीटखाली फुटलेल्या बाटलीचा वास येत होता. नाना गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. चाक झुलालच्या हातात होतं, एवढंच त्यांनी कोर्टात सांगितलं. तेवढं पुरलं. झुलाल परवा सुटून आला होता.

"त्याला कशाला जेवायला बोलावलंस?"

"मला त्याच्याकडे बघत जेवायचंय."

नानांनी आपला पाट मांडला.

झुलाल पाटावर अवघडून बसला. ताटात भाजी पडली तसा तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मी ट्रॉलीमा व्हतू. मायना जोडे."

"ट्रॉलीत, आईजवळ. ऐकलं. जेव."

"तुना हातनं इख बी खाई लिसू."

"विष कसलं रे?" नाना हसले. त्यांनी बोटातली चांदीची अंगठी काढून रश्श्यात बुडवली, धोतराला पुसली, उजेडात धरली. पांढरीस्वच्छ. "बघ. चांदी खोटं बोलत नाही."

पहिला घास सुनंदाने खाल्ला. मग दोघे जेवू लागले. नानांनी भाकरी मागून घेतली, रस्सा दोनदा.

हात धुऊन ते रोजच्यासारखे शेतातल्या मोटारीच्या खोलीकडे निघाले. तिची किल्ली ते कुणाला देत नसत. अर्ध्या तासाने बडीशेप चघळत परत येत.

झुलाल अजून जेवतच होता. तुरुंगात घरच्या जेवणाची सवय मोडली होती बहुधा. एकेक घास चावून चावून. सुनंदा भिंतीला टेकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. कपाळ, कान, मान. कुठेच लाली नव्हती.

अंगणात खोकल्याचा आवाज झाला.

नाना दाराची चौकट धरून उभे होते. चेहरा कानाच्या पाळ्यांपर्यंत लालबुंद. एक हात छातीवर, दुसऱ्यातून बडीशेप सांडत होती.

"पोरी, काय घातलंस भाजीत?"

झुलालने पुसून लख्ख केलेलं ताट पुढे सरकवलं.

"आखो शे का, ताई?"

सुनंदाने उरलेली सगळी भाजी त्याच्या ताटात वाढली.