तीन तास कमी

हितेंद्रचे तीन तास वाचले असते, तर गंगुबाईंना लाभ एकच होता : गावी मरायला टेकलेल्या त्यांच्या नवऱ्याला हा लेक भेटला असता. दिब्रुगड ते चिपी विमानतळ अडीच हजार किलोमीटर, त्यात दोनदा विमान बदलायचं; गावी पोचायला संध्याकाळचे सहा. डॉक्टरांनी मुदत दिली होती दुपारी तीनची. आणि गंगुबाई लालबागच्या खोलीत, दाराजवळच्या खाटेवर, पाय प्लास्टरात.

बाराला त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "माझ्या झिलाचे तीन तास कमी कर रे म्हाराजा!" बदल्यात काय देणार, ते बोलायचं राहूनच गेलं.

"व्हय म्हाराजा!" शेजारची रुपाली म्हणाली, तिची सासू म्हणाली आणि दाराआडून एक पुरुषही म्हणाला.

तीनला फोन आला. "आये, पोचलंय! बाबांनी वळाखल्यानी माका!"

गंगुबाईंनी हात जोडले, साखर वाटली.

"काकी, बारा ते एक मी काय केलं, आठवतच नाही," रुपाली म्हणाली.

"आणि माझो एक ते दोन खंय गेलो?" सासू म्हणाली. "साखर मात्र दोन चिमटी दी हां!"

दोन तास या दोघींनी भरले. तिसरा भरणाऱ्यासाठी गंगुबाईंनी साखरेचा हात दाराआड नेला. लग्नात हाती आलेली, ओळखीची, आता गार झालेली बोटं तळव्याला लागली आणि साखर उचलली गेली.